माझं कुठं लिवलंय?

दवाखाना नाही, दारावर पाटी नाही, पेशंटची रांग नाही. तरीही चौतीस वर्षं डॉक्टरकी केली. मेडिकल कॉलेजात सामाजिक आरोग्य हा विषय शिकवणाऱ्या एका निवृत्त प्राध्यापिकेचे हे अनुभव.

‘‘तू डॉक्टर ना गं? मग दवाखाना कुठं आहे तुझा?’’

हा प्रश्न मी आयुष्यभर ऐकला. हळदीकुंकवाला, लग्नाच्या पंगतीत, एसटीत शेजारी बसलेल्या बाईकडून. ‘‘दवाखाना नाही, मी मेडिकल कॉलेजात शिकवते,’’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. ‘‘काय शिकवता? बाळंतपणं की ऑपरेशनं?’’ मी म्हणायची, ‘‘पीएसएम.’’ एकदा आमच्या मावससासूबाई घाबरून म्हणाल्या, ‘‘म्हणजे पोस्टमॉर्टेम का गं?’’

पोस्टमॉर्टेम नव्हे. प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन. आता त्याला कम्युनिटी मेडिसिन म्हणतात. इतर डॉक्टर समोर आलेल्या माणसाला तपासतात. जो डॉक्टरांपर्यंत पोचलाच नाही त्याचं काय झालं, आणि का झालं, हे शोधणं म्हणजे आमचा विषय. गावाला पाणी कुठलं येतं, लस किती मुलांना मिळाली, किती बाळं वर्षाच्या आत गेली, हे सगळं यात येतं. थोडक्यात, आमचा पेशंट म्हणजे अख्खं गाव. गावाला काही नाडी नसते, म्हणून मोजावं लागतं.

खरं सांगायचं तर हा विषय मी हौसेनं घेतला नाही. मला स्त्रीरोगतज्ज्ञ व्हायचं होतं. थोडे मार्क कमी पडले आणि पीएसएम मिळालं. आठवडाभर रडत होते. आमच्या कॉलेजात मुलं या विभागाला ‘पाणी-संडास-मच्छर’ म्हणत. वर्गात मागच्या बाकांवर झोपा चालत. परीक्षेला विहिरीत ब्लीचिंग पावडर किती टाकायची एवढं पाठ करून मुलं पास होत. मीही तशीच पास झाले होते.

मग एका बाईनं मला हा विषय शिकवला. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं.

सहा दिवसांचं बाळ

नोव्हेंबर १९८५ मध्ये देशात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. एमडीच्या प्रबंधासाठी मी तोच विषय घेतला. कृष्णाकाठच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राखालची चार गावं निवडली. वर्षाच्या आतल्या किती बाळांना लसी मिळाल्या आणि वर्षभरात किती बाळं दगावली, असं दोन्ही पाहायचं होतं. जिल्हा परिषदेच्या जीपमधून जायचं, नर्सबाईंचं रजिस्टर घ्यायचं, त्यावरून यादी करायची आणि घरोघर जाऊन फॉर्म भरायचे. मला वाटायचं, मी फार काटेकोर काम करतेय.

शेवटच्या फेरीत एका वाड्याच्या ओट्यावर बसले होते. आजूबाजूला बायका जमलेल्या. एकेकीला बोलवत होते, पोराचं नाव, जन्मतारीख, लस. दारात मिरच्या वाळत घालणारी एक विशी-बाविशीची बाई बराच वेळ बघत होती. मग जवळ येऊन म्हणाली, ‘‘डाक्टरीणबाई, समद्यांची पोरं लिवली. माझं कुठं लिवलंय?’’

मी यादी बघितली. तिचं घर होतं, नवरा-बायकोचं नाव होतं, मुलाचा रकाना रिकामा. आणि मी सगळ्या बायकांसमोर मोठ्यांदा म्हणाले, ‘‘तुम्हाला मूल नाही ना?’’

ओटा गप्प झाला.

‘‘झालं हुतं की,’’ ती म्हणाली. ‘‘म्हायारी. पाचवी पुजली आन् दुसऱ्या दिशी गेलं.’’ एवढं बोलून ती मिरच्यांकडे परत गेली. पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही तिनं.

त्या दिवशी रजिस्टर घेऊन मी नर्सबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, ‘‘मॅडम, बाळंतपण माझ्याकडे झालंच नाही, मी कसं लिहिणार?’’ पुढच्या आठवड्यात तिच्या माहेरच्या गावी गेले. तिथल्या नर्सबाई म्हणाल्या, ‘‘ती मुलगी सासरची. आमच्या लोकसंख्येत नाही.’’ ग्रामपंचायतीत विचारलं, तर उत्तर मिळालं, ‘‘बारसंच झालं नाही, नावच नाही, तर नोंद कसली करायची?’’

कुणी खोटं बोलत नव्हतं. पण तिघांच्या मधल्या फटीत ते बाळ पडलं होतं. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. आणि पहिलटकरणीच्या बाळाला धोका अधिक असतो. म्हणजे ज्या बाळांची नोंद सगळ्यात आधी व्हायला हवी, तीच दोन गावांच्या मध्ये हरवत होती.

आता माझी चूक सांगते. प्रबंध टाइप होऊन आला होता. तक्ते तयार होते. टाइपरायटरचा काळ, एक आकडा बदलायचा म्हणजे पानं पुन्हा टाइप करायची. मला सुचवलं गेलं, ‘‘मर्यादा या परिच्छेदात एक ओळ घाला की झालं.’’ मी घातली. ‘काही मृत्यूंची नोंद सुटलेली असू शकते.’ परीक्षकांनी त्यावर एकही प्रश्न विचारला नाही. मी एमडी झाले. घरी पेढे वाटले. त्या बाईचं बाळ मी त्या एका ओळीत बसवून टाकलं होतं.

दोन लिवलं?

१९८८ मध्ये अध्यापक म्हणून नोकरी लागली. पहिल्याच वर्षी मी इंटर्न मुलामुलींना घेऊन त्याच चार गावांत गेले. कुणी सांगितलं नव्हतं, प्रमोशनला त्याचा उपयोग नव्हता. या वेळी रजिस्टर बाजूला ठेवलं आणि प्रश्न बदलले.

‘‘तुम्हाला मुलं किती?’’ असं विचारलं की बाई जिवंत मुलांचाच आकडा सांगते. त्यात तिची चूक नाही. म्हणून पायरीपायरीनं विचारायचं. तुमच्याजवळ राहतात ती किती? दुसरीकडे राहतात ती किती? जन्मलं आणि नंतर गेलं असं कुणी? आणि मग थांबायचं. ती ‘नाही’ म्हणाली तरी हळूच विचारायचं, ‘‘जन्मल्यावर रडलं, हललं, श्वास घेतला, पण राहिलं नाही, असं एखादं?’’ आज राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही जवळपास याच पद्धतीनं विचारतात. जोरात नाही, सासूसमोर नाही, ओट्यावर तर मुळीच नाही. बाजूला बसून विचारायचं. हे मला पुस्तकानं नाही, त्या गप्प झालेल्या ओट्यानं शिकवलं.

त्या फेरीत आम्हाला पाच बाळं सापडली, जी कुठल्याच कागदावर नव्हती. नर्सबाईंना सांगितलं, तर त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, ‘‘मॅडम, मृत्यू लिहिला की वर उत्तर मला द्यावं लागतं. न लिहिणारीला कुणी काही विचारत नाही.’’ हे वाक्य मी पुढे दर वर्षी वर्गात सांगत आले. खरं लिहिणाऱ्याला जाब विचारला जात असेल, तर रजिस्टर गोड गोडच भरणार.

ती मिरच्यावाली बाईही भेटली. कडेवर दहा महिन्यांची मुलगी होती. मी बाजूला बसले, आधी माफी मागितली. तिला बहुतेक त्याचं काही वाटलं नसावं, किंवा दाखवलं नसावं. फॉर्म भरताना मात्र तिची नजर माझ्या पेनावर होती. ‘‘दोन लिवलं?’’ तिनं विचारलं.

‘‘हो. जन्मलेली दोन. हयात एक.’’

तिनं मान हलवली आणि पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

घरातला फॉर्म

काही वर्षांनी नवीन प्रश्नावली तयार करत होते. फॉर्म गावात नेण्याआधी दोन-चार जणींवर करून बघायचा असतो. रविवारची दुपार होती, सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. म्हटलं, ‘‘आई, तुम्हालाच विचारते हं.’’ त्या हसून म्हणाल्या, ‘‘विचार बाई. दवाखाना नाही तर नाही, निदान कागद तरी भर.’’

मी ओळीनं विचारत गेले. जवळ राहणारी किती, बाहेरगावी किती. मला सगळं पाठ होतं. चार. माझे यजमान सगळ्यांत थोरले. मग पुढचा प्रश्न सवयीनं विचारला, उत्तर ‘नाही’ असं लिहायला पेन टेकवलंसुद्धा.

त्या शेंगा सोलायच्या थांबल्या. ‘‘चार नव्हे गं. पाच.’’

पहिली मुलगी. माहेरी झाली होती. नऊ दिवसांची होऊन गेली. बारशाचं दुपटं शिवून तयार होतं, त्याला लेससुद्धा लावली होती. मामंजींना तार केली, ते पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. परत सासरी आल्यावर कुणी तो विषय काढला नाही, त्यांनीही नाही. माझ्या यजमानांना आपल्याला मोठी बहीण होती हे पन्नाशीपर्यंत ठाऊक नव्हतं.

‘‘तुमच्या त्या कागदावर असलंही लिहितात होय?’’ त्यांनी विचारलं.

‘‘हो आई. हेच लिहितात.’’

त्यानंतर सासूबाईंनी मला दवाखान्याचं कधी विचारलं नाही. पाहुणे आले की सांगत, ‘‘आमची सून मोजणीचं काम करते. फार महत्त्वाचं असतं ते.’’

मोजल्यावर काय होतं?

‘‘मोजून काय होतं? त्यानं बाळ वाचतं का?’’ असं विद्यार्थी विचारतात. वाचतं. त्याचं उत्तर आपल्याच महाराष्ट्रात आहे.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक काही ना काही त्रास होता, आणि पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे गर्भारपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच सरकारी कागदावर असायचं. अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं हे कुणी मोजलंच नव्हतं. बायका सोसत होत्या आणि कागद कोरा होता.

मग त्यांनी नवजात बाळांचे मृत्यू मोजले, कारणं शोधली आणि गावातल्याच बायकांना बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. बाळ गार पडू न देणं, वजन करणं, श्वास अडकला तर काय करायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा. १९९९ मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासानुसार त्या गावांत नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झालं. बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ बघण्याची ही पद्धत २०११ पासून देशभरातल्या आशाताईंच्या कामात आली. आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी दार वाजवते, त्याच्यामागे ही मोजणी आहे.

राज्याचा आकडाही बघा. हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी बाळं महाराष्ट्रात २००१ साली ४५ होती. २०२० मध्ये ती १६ वर आली. या १६ पैकी ११ पहिल्या महिन्यातच जातात. म्हणजे सगळा खेळ त्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांचा आहे. आणि नेमके तेच दिवस बाळंतीण माहेरी असते.

हे आकडे नुसत्या रजिस्टरवरून येत नाहीत. त्यासाठी नमुना नोंदणी पद्धत आहे. निवडक गावांत आणि वस्त्यांत एक माणूस वर्षभर जन्म-मृत्यू लिहीत राहतो. दुसरा माणूस दर सहा महिन्यांनी स्वतंत्रपणे घरोघर जाऊन तेच विचारतो. मग दोन्ही याद्या शेजारी ठेवतात. जुळलं नाही तिथं पुन्हा जाऊन खात्री करतात. किती साधी युक्ती! एकाच्या हातून सुटलं तर दुसऱ्याच्या हाती लागतं. घरी दुधाचा हिशेब आपणही कॅलेंडरवर लिहितो आणि दूधवाल्याच्या वहीशी ताडून बघतो, तसंच.

शहाणी वयं

शिकवणं म्हणजे नुसती लेक्चरं नाहीत. लसीकरण तपासायला आम्ही तीस ठिकाणं निवडून प्रत्येक ठिकाणी सात मुलं बघायचो. पहिलं घर कुठलं घ्यायचं? मुलं आपल्या सोयीचं, रस्त्यावरचं, चहा मिळेल असं घर धरतात. म्हणून खिशातली नोट काढायला सांगायची. नोटेवरच्या नंबराचे शेवटचे आकडे येतील ते घर. मग ते ओढ्यापलीकडे असो की गावकुसाबाहेर. त्या नोटेमुळे माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ओढ्यापलीकडची वस्ती पाहिली.

एकदा एका मुलानं वडाखाली बसून वीस फॉर्म भरले. अक्षर सुंदर, एक रकाना रिकामा नाही. मी दोन मिनिटांत पकडलं. त्याला वाटलं, मॅडमना कुणी चुगली केली. तसं नव्हतं. आपल्या गावातली म्हातारी वय सांगताना ‘असंल चाळीस-पंचेचाळीस’ असं सांगते, म्हणून खऱ्या फॉर्मवर शून्य आणि पाच जास्त दिसतात. याच्या फॉर्मवर सदतीस, एक्केचाळीस, त्रेपन्न. फार शहाणी वयं होती ती! त्याला नापास केलं नाही. दुसऱ्या दिवशी जीपमध्ये घालून त्या वीस घरी नेलं आणि वाटेत मिरच्यावाल्या बाईची गोष्ट सांगितली. माझ्या प्रबंधातल्या ओळीसकट. आज तो बालरोगतज्ज्ञ आहे. दिवाळीला फोन करतो, तेव्हा म्हणतो, ‘‘मॅडम, अजून सगळं विचारून लिहितो.’’

या कामात पैसा बेताचा. माझ्या बरोबरच्या मैत्रिणींचे बंगले झाले, माझा फ्लॅट झाला. मुलगी लहान असताना तिला शेजारच्या काकूंकडे झोपलेलीच सोडून पहाटे गावाला निघायचे. त्याची टोचणी अजून आहे. कौतुकही फारसं वाट्याला येत नाही, कारण साथ आली नाही तर ती कुणामुळे आली नाही हे कुणाला दिसतं? २०२० मध्ये कोविड आला तेव्हा मात्र ‘साथरोगशास्त्र’ हा शब्द भाजीवाल्याच्या तोंडी आला. ज्यांनी आम्हाला ‘मच्छरवाले’ म्हटलं होतं, ते मध्यरात्री फोन करून विलगीकरणाचे दिवस विचारत होते. त्या वर्षी माझ्याच विभागातल्या मुलींनी रुग्णांच्या याद्या, संपर्कातल्यांच्या याद्या रात्र-रात्र जागून केल्या. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

तुमच्या मुलींसाठी

मैत्रिणींनो, बारावीला मेडिकल हुकलं म्हणून तुमची मुलगी खोलीचं दार लावून बसली असेल, तर तिला हे वाचायला द्या. या क्षेत्रात यायला एमबीबीएसच हवं असं नाही. नर्सिंग, आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक, समाजकार्य, संख्याशास्त्र अशा पदव्यांनंतरही अनेक ठिकाणी एमपीएच म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ करता येतं. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, तिरुअनंतपुरमचं अच्युत मेनन केंद्र ही त्यांतली माहितीची नावं. ज्यांना आकड्यांची आवड आहे त्यांच्यासाठी मुंबईत देवनारला लोकसंख्या विज्ञानाची संस्था आहे, १९५६ पासूनची. प्रवेशाच्या अटी बदलत असतात, त्या त्या वर्षीच्या बघून घ्या. गणिताची थोडी गोडी, पायांत बळ आणि लोकांचं ऐकून घ्यायची तयारी, एवढं भांडवल पुरतं.

आणि मुलगी या क्षेत्रात येवो न येवो, तुम्ही दोन गोष्टी करा. लेक माहेरी बाळंतपणाला आली, की पहिल्याच आठवड्यात तुमच्या गावच्या आशाताईला आणि नर्सबाईंना कळवा, ‘आमच्याकडे बाळंतीण येणार आहे.’ ती आपल्या लोकसंख्येत नाही असं कुणाला वाटायला नको. जन्म असो की मृत्यू, तो जिथं होतो तिथंच नोंदवायचा असतो, एकवीस दिवसांच्या आत. बारशाची वाट बघायची गरज नाही, नावाशिवायही जन्माची नोंद होते, नाव नंतर घालता येतं. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ते कळवतात, पण नोंद झाली ना हे विचारून घ्या. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना तर शाळाप्रवेशासाठी जन्मदाखलाच लागणार आहे. आणि एखादं बाळ राहिलं नाही, तर त्याचाही जन्म लिहा आणि जाणंही लिहा.

दुसरी गोष्ट कागदाची नाही. घरात आई असेल, सासूबाई असतील, आजी असेल. एखाद्या निवांत दुपारी त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, ‘‘तुम्हाला एकूण किती झाली?’’ उत्तर आल्यावर लगेच उठू नका. थोडं बसा.